पत्नी क्रमांक एक

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हाच मी त्यांना सांगितलं होतं, माझ्याकडून लिहून घेऊ नका. तर म्हणाले, "सुनंदाताई, नोकरीतले अनुभव लिहा ना. दिवाळी आहे, जरा गोड लिहा." गोड हवं असेल तर सराफ्यात जाऊन जिलेबी खा, भिया. मला रिटायर होऊन ही दुसरी दिवाळी, पण ते ऑफिस आठवलं की अजून डोकं तडकतं. तडकलेल्या डोक्यानं जे येईल तेच लिहीन. छापायचं तर छापा, नाहीतर त्यात भेळ बांधा.

मी इंदूर महापालिकेच्या एका झोन ऑफिसात लायसन्स शाखेत होते. लायसन्स म्हटलं की लोकांना गाडीचं वाटतं. ते नव्हे. पिठाची चक्की असो, लॉन्ड्री असो, सांवेर रोडवरचं एखादं वेल्डिंगचं शेड असो, धंदा करायचा तर शहराचा परवाना लागतो. तो द्यायचा, मुदत संपली की नवा करून द्यायचा, मालक वारला तर वारसाच्या नावावर चढवायचा, हे आमचं काम. जन्म-मृत्यूच्या नोंदींचा चार्जही माझ्याच गळ्यात होता, कारण तो कोणालाच नको असायचा.

अर्ज घेणं म्हणजे काम नव्हे. अर्ज तर शिपाईही घेतो. माणूस काउंटरला आला की त्याला बरोबर प्रश्न विचारणं हे काम. आणि मराठी बाई आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "माहेर कुठलं?" शेजारच्या टेबलावरचे शर्माजी हसायचे. "मैडम, लायसन्स दे रही हो कि रिश्ता करवा रही हो?"

त्यांना काय ठाऊक. आपल्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, पेढे खायचे. आडनाव तर जातंच, आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नावही त्याच दिवशी जातं. आणि इंदूरचे आपण मराठी लोक तर पुण्यातल्या लोकांनी सोडलेल्या चालीही घट्ट धरून बसलेलो. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर बाई एक, रेशन कार्डावर दुसरी. मी माहेर विचारलं की बोलता बोलता जुनं नाव निघायचं, आणि मग शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं मी लिहायचे, अमुक उर्फ तमुक. पुढे कधी तिचं काही अडलं तर तो शेरा कामाला यायचा. ऑफिसात माझं नावच 'उर्फ मैडम' पडलं होतं. मला त्याचा राग नव्हता. उलट अभिमान होता.

आता कोणी म्हणेल, बाईला जुनं सगळं छान वाटतं. अजिबात नाही. काउंटरवर काही सगळे देव बसलेले नव्हते. खाणारे होते, खिलवणारे होते, 'साहब मीटिंग में हैं' सांगून म्हाताऱ्या माणसाला दिवसभर उभं ठेवणारे होते. सगळं ऑनलाइन होणार असं कळलं तेव्हा मी मनातून खूश झाले होते. माझी भाची घरात बसून, चहा पीत, आपल्या लेकीचा जन्मदाखला काढते. चांगलंच आहे की! मी मशीनच्या विरोधात नाही. मशीनला प्रश्न कोणते विचारायला शिकवले, हे मी विचारते, आणि ते विचारलं की लोकांना राग येतो.

पोर्टल बनत होतं तेव्हा एक मीटिंग झाली. थंडगार हॉल, बिस्किटं, आणि कंपनीकडून आलेला एक कोवळा सल्लागार. फार सभ्य मुलगा. मी हात वर करून म्हटलं, यात उर्फ लिहायला जागा ठेवा. तो गोड हसला.

"मैडम, एक व्यक्ति, एक नाम. उर्फ तो अपराधियों का होता है."

अख्खा हॉल खिदळला. मी म्हटलं, "तो लिख लीजिए, इंदौर की आधी मराठी औरतें अपराधी हैं." त्यानं लिहून काही घेतलं नाही. म्हणाला, "फेज टू में देखेंगे." ती फेज टू मी रिटायर होईपर्यंत आली नाही.

जुनी रजिस्टरं टाइप करायचं काम ठेक्यानं दिलं गेलं. ठेकेदाराला पैसे नोंदीमागे मिळणार, म्हणून पोरांनी नोंदी टाइप केल्या आणि शेऱ्याचा रकाना सोडून दिला. माझी लाल शाई सगळी तिथंच राहिली. मग रजिस्टरं कुठल्याशा गोदामात गेली, काउंटरची खिडकी प्लायवूडनं बंद झाली, आणि मला कोपऱ्यात एक खुर्ची मिळाली. वर बोर्ड, 'हेल्पडेस्क'. माझं काम काय, तर आलेल्या माणसाला "ऑनलाइन करो" म्हणायचं. पूर्वी ऑफिसबाहेर कडुनिंबाखाली जे दलाल उभे असायचे, त्यांनी समोर दुकान थाटलं, प्रिंटर आणला आणि ते कियोस्क झाले. लोक तिथं जायचे, तिथून माझ्याकडे, माझ्याकडून परत तिथं.

त्या काळातला एक नमुना सांगते. सराफ्यात दिवसा सोन्याचं दुकान असतं आणि ते बंद झालं की त्याच दुकानाच्या ओट्यावर खाण्याचं दुकान लागतं, हे इंदुरात शेंबड्या पोराला ठाऊक. आजोबा-पणजोबांपासूनची पद्धत. पण पोर्टलला ते मान्य नाही. एका पत्त्यावर एकच लायसन्स. असाच एक गराडूवाला, म्हणजे तळलेले कंद विकणारा, माझ्यापुढे येऊन हताश बसला. "उर्फ मैडम, मशीन के रिया है इस पते पे पेले से सोनी बैठा है. तो में काँ बैठूँ?" कियोस्कवाल्यानं तोड काढली. पत्त्यात 'प्रथम तल' टाकून दिलं. झालं लायसन्स! आता त्या दुकानाला पहिला मजलाच नाही. पण सरकारी कागदावर तो भला माणूस आजही हवेत बसून गराडू तळतोय, आणि वर अहवालात आमचं काम शंभर टक्के पारदर्शक.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण उमाकाकूंचं जे झालं ते काही मला सोडवत नाही.

उमाकाकू दिघे आमच्या झोनमध्ये मेस चालवायच्या. कॉलेजांच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आणि एक व्हरांडा. खरगोन, सेंधवा, तिकडे जळगाव-भुसावळ, कुठकुठली पोरं तिथं जेवायची. नवरा, शंकरराव, कापडगिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा काकूंनी पोळपाट-लाटणं बाहेर काढलं आणि त्यावर घर उभं केलं. लायसन्स मात्र शंकररावांच्या नावावर. का? तर मालक म्हणून पुरुषाचं नाव टाकायची रीत. काकू चुलीपाशी आणि शंकरराव बाहेर खुर्चीत.

शंकरराव वारले. लायसन्स काकूंच्या नावावर करायचं होतं, बस. मुलगा मिलिंद पुण्याला, मुलगी जबलपूरला. मिलिंदचं एकच, "आई, पुरे झालं आता, मेस बंद कर आणि इकडे ये." काकू एकदा जाऊन आल्या होत्या. मला म्हणाल्या होत्या, "अकराव्या मजल्यावर घर आहे हो. सगळं छान. पण मला गॅसपाशी जाऊ देत नाहीत. नुसतं बसून राहायचं. मी तिथं मरेन." म्हणजे लायसन्स झालं तर काकू इंदुरात, नाही झालं तर अकराव्या मजल्यावर. एवढा साधा हिशेब होता.

एका दुपारी त्या हेल्पडेस्कसमोर येऊन बसल्या. चेहरा पार उतरलेला.

"मॅडम, एक विचारू? घरातलं आहे."

"विचारा की काकू."

"तुमच्या त्या कॉम्प्युटरात यांची पहिली बायको निघालीये."

मी म्हटलं, काय? तर झालं होतं असं. कियोस्कवाल्यानं अर्ज भरायला घेतला आणि यांना विचारलं, "काकीजी, अंकल की पहली पत्नी की सहमति लगेगी. उनका मोबाइल नंबर बताओ." वर हेही सांगितलं की पहिलीला एक मुलगाही आहे. काकू तशाच उठून घरी गेल्या. त्या दिवसापासून त्यांना धड घास गेला नव्हता. शंकररावांच्या फोटोचा हार त्यांनी उतरवून ठेवला होता.

"रात्रपाळी असायची त्यांना," त्या हळू आवाजात सांगत होत्या. "आणि महिन्यातनं एकदा उज्जैनला जायचे. म्हणायचे मित्राकडे जातो. मी कधी विचारलं नाही हो. कशाला विचारायचं? आता वाटतंय, विचारायला हवं होतं."

स्क्रीन पब्लिकला दाखवायची नाही असा नियम होता. मी सरळ फिरवली त्यांच्याकडे. हिंदीत लिहिलेलं होतं. मृतक की पत्नियाँ: दो. पत्नी क्रमांक एक, कुसुम. संतान, मिलिंद. पत्नी क्रमांक दो, उमा. संतान, ज्योती.

काकूंनी चष्मा पुसला. बोट लावून लावून वाचलं. "मिलिंद? मिलिंद तर माझा आहे." मग परत वर गेल्या. बोट कुसुमवर थांबलं आणि तिथंच राहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "कुसुम मीच की!"

त्यांचं माहेर देवासचं. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी. मिलिंदची नोंद करायला त्यांचे वडील गेले, आणि बाप काय लिहिणार? आपण ठेवलेलं मुलीचं नाव. आईचे नाव, कुसुम. ज्योती झाली इथं इंदुरात, ती नोंद शंकररावांनी केली. आईचे नाव, उमा. नवऱ्याचं नाव शंकर, म्हणून सासूबाईंनी निवडून ठेवलेलं. लग्नाची नोंद त्या काळी कोण करत होतं! मग राज्यभरच्या नोंदी एकत्र झाल्या, वारसांचं पान उघडलं की पोर्टल मुलांच्या नोंदीतून बायको शोधतं, आणि त्याला दोन सापडल्या. माझ्या काउंटरवर हे काम एका प्रश्नात मिटलं असतं. माहेर कुठलं, बस.

मला हसू आवरेना. काकूही हसल्या, मग हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "त्या बिचाऱ्यावर काय काय संशय घेतला मी." मी म्हटलं, आता घरी जाऊन हार घाला परत. त्या उठल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "कुसुम म्हणून शेवटची हाक अण्णांनीच मारलेली. माझ्या वडिलांनी. ते गेले, त्यानंतर कोणी नाही."

आणि इथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

दुरुस्तीचा अर्ज टाकला. उत्तर आलं, दोन्ही पत्नींची लेखी सहमती जोडा, प्रत्येकीच्या वेगळ्या आधार कार्डासकट. तक्रार टाकली. दुसऱ्याच आठवड्यात मेसेज, 'आपकी शिकायत का संतोषजनक समाधान कर दिया गया है.' कसलं समाधान? काकूंना विचारलं तेव्हा कळलं, हेल्पलाइनवरून एका मुलीचा फोन आला होता. संतुष्ट आहात का? काकू आधी नाही म्हणाल्या. तर ती पोरगी काकुळतीला आली, "आंटीजी, संतुष्ट बोल दीजिए ना, मेरा टारगेट रह जाएगा." काकू म्हणाल्या, बरं बाई, संतुष्ट.

मी खेकसलेच. "काकू, हो कशाला म्हणालात?"

"रडकुंडीला आली होती हो पोर. जेवली होती की नव्हती कोण जाणे."

काय बोलणार यांना!

मग मी आमच्या साहेबांकडे गेले. नवा, तरुण, सतत घाईत असलेला माणूस. मोबाइलवरची नजर न काढता त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "इसमें क्या है? पत्नी क्रमांक एक को मृत दर्ज कर दो. डेथ का चार्ज आप ही के पास है, आपकी डिजिटल साइन से दो मिनट में हो जाएगा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सर, वो जिंदा है. बाहर बेंच पर बैठी है."

"अरे मैडम, कागज पर ही तो मरेगी."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. अख्ख्या नोकरीत साहेबांपुढे आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. मी म्हटलं, मृत्यूची नोंद मी आजवर एकही खोटी केलेली नाही आणि जाता जाता करणारही नाही. तुमची साइन वापरा. ते शांतपणे म्हणाले, "आपकी वजह से पेंडेंसी बढ़ रही है." बरं, मी बाहेर येऊन काकूंना सांगितलं तर त्यांना आधी कळेचना. मग म्हणाल्या, "कुसुमला मारायचं? मीच?" आणि एकदम उठून उभ्या राहिल्या. "नाही हो. ते नाही करायचं. मेस गेली तर जाऊ दे."

आणि मेस जायचीच वेळ आली. लायसन्सची मुदत संपली, नोटीस आली, आणि मग आमच्याच ऑफिसचं पथक जाऊन स्वयंपाकघराला सील ठोकून आलं. हो, आमच्याच. ज्याचं लायसन्स लांबवलं आम्ही, त्यालाच विनालायसन्स म्हणून बंद केलं आम्ही. याच्यापेक्षा निर्लज्जपणा मला तरी ठाऊक नाही. मी गेले तेव्हा पोरं डबे घेऊन व्हरांड्याच्या पायऱ्यांवर बसलेली, आणि आत काकू भिजवलेल्या कणकेची परात पुढ्यात घेऊन. सील लावणाऱ्यांनी ती तेवढी बाहेर काढू दिली होती. मिलिंदनं पुण्याहून तिकीट काढून ठेवलं होतं. रविवारचं.

मी म्हटलं, "काकू, मंगळवारी माझ्याबरोबर यायचं. तिकीट रद्द करायला सांगा."

मंगळवारी जनसुनवाई असते. मोठे अधिकारी बसतात आणि कोणीही जाऊन गाऱ्हाणं मांडू शकतं. मी नोकरीत असताना आपल्याच खात्याविरुद्ध तिथं उभी राहिले, शर्माजींनी कपाळावर हात मारला. पण मला रिटायर व्हायला कितीसे दिवस राहिले होते? काय करणार होते माझं!

त्या दिवशी खुर्चीवर एक बाई अधिकारी होत्या. प्रकरण चाळलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "दो पत्नियों का विवाद है. दोनों उपस्थित हैं क्या?"

मी तोंड उघडायच्या आत काकू पुढे झाल्या. पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "जी, दोनों आई हैं."

बाईंनी मान वर केली, काकूंच्या मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. मग काकूंनी आपल्या अर्ध्या मराठी अर्ध्या हिंदीत सगळं सांगितलं, अण्णा, देवास, ताटातले तांदूळ. हॉलमध्ये हशा पिकला, पण त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन उचलून लिहिलं, सील काढा, भौतिक सत्यापन करा. भौतिक सत्यापन म्हणजे काय, तर माणसानं माणसाच्या घरी जाऊन बघावं. जे मी आयुष्यभर केलं तेच. त्याला आता वरून ऑर्डर लागते.

त्या सत्यापनाला मीच काकूंच्या घरी गेले. पोर्टलवर आता एक नवा दरवाजा उघडला होता, दोन्ही पत्नींचे जागेवर काढलेले फोटो. क्रमांक दोनचा फोटो काढला, चढवला, हिरवी खूण. मग म्हटलं, काकू, आता कुसुम. त्या उठून आत गेल्या, केस नीट करून आल्या, पुन्हा भिंतीपाशी बसल्या. फोटो चढवला. लाल अक्षरं आली.

'यह चेहरा पहले से दर्ज है. दोनों व्यक्ति एक ही हैं. आवेदन अस्वीकृत.'

मी ओरडलेच त्या मोबाइलवर. "अरे तेच तर सांगतेय ना मी तुला वर्षभर!" एक आहेत हे त्या मशीनला शेवटी कळलं, आणि कळल्याबरोबर त्यानं त्याच कारणासाठी अर्ज फेटाळला. काकू म्हणाल्या, बसा, शेजारून चहा आणते.

पण दुसऱ्या दिवशी मेसेज आला. डुप्लिकेट सापडला की पोर्टल आपोआप दोन नोंदींची एक करतं म्हणे. जुनी ठेवतं, नवी पुसतं. आणि पत्नी एकच उरली की सहमतीचा प्रश्नच संपतो. लायसन्स मंजूर! मी प्रिंट काढली आणि नावापाशी अडकले. लायसन्स होतं कुसुम शंकर दिघे यांच्या नावावर. उमा नावाची बाईच आता पोर्टलवर नव्हती.

आधार उमाचं, बँक उमाची, विजेचं बिल उमाचं, आणि लायसन्स कुसुमचं! मी शिव्या घालतच काकूंच्या घरी पोचले. सील निघालं होतं, कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, व्हरांड्यात पोरं पंगत धरून बसली होती. मी पिशवीतून कागद काढला आणि दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला. "काकू, घाबरू नका, यांना मी सोडत नाही. नाव बदलून आणतेच. सही करा इथं."

काकूंनी पीठ लागलेले हात पुसले. लायसन्स हातात घेतलं, नाव वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

"यात चूक काय आहे?" त्या म्हणाल्या.

"काकू, नाव!"

"तेच म्हणतेय. बरोबर एवढंच एक आलंय." त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "चूक त्या दिवशी झाली, ताटात. एकवीस वर्षांची होते मी. मला कोणी विचारलं होतं का, उमा हवंय का? सासूबाईंनी ठरवलं, यांनी अंगठीनं लिहिलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पेढा भरवला. मी तो थुंकणार होते. नाही थुंकला. इतकी वर्षं संसार केला या माणसानं माझ्याबरोबर, एकदा तरी कुसुम म्हणायला काय जात होतं त्याचं?"

शंकररावांच्या फोटोवर हार अजून नव्हता. मी ते तेव्हा पाहिलं. मला वाटलं होतं, त्यांनी तो केव्हाच घातला असेल.

मग त्यांनी मला विचारलं, "तुमचं माहेरचं नाव काय हो?" इतक्या वर्षांत तो प्रश्न मला कोणी उलटून विचारला नव्हता.

"सुनंदाच," मी म्हटलं. सासरी गौरी ठेवायचं ठरलं होतं. पण मला नोकरी लग्नाआधी लागलेली, सर्व्हिस बुकात सुनंदा लिहून झालेलं. बदलायचं तर प्रतिज्ञापत्र, राजपत्र, भोपाळच्या चकरा. सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे मेलं, पगार अडकायचा. माझं नाव माझ्या हट्टानं नाही राहिलं. सरकारी झंझटीला कंटाळून घरच्यांनी ते सोडून दिलं.

काकू हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मग तुम्ही त्या रजिस्टरात आमचं उर्फ लिहायचात, तेव्हा चिडायचा नाहीत?"

इतक्या बायकांचं लिहिलं मी, लाल शाईनं, सुवाच्य अक्षरात. सोय करत होते त्यांची. सोयच होती ती, आणि आज मला तिचाही राग येतो.

काकूंनी माझ्या हातातला अर्ज ओढून घेतला. मी लिहिलेल्या ओळी खोडल्या आणि म्हणाल्या, "आता मी सांगते ते लिहा. बँकेला, आधारवाल्यांना, वीजवाल्यांना. माझे नाव कुसुम आहे. उमा ही नोंद चुकीची आहे, ती दुरुस्त करावी."

मी लिहिलं. काकू, पोर्टल घेणार नाही, म्हटलं, किती मंगळवार जातील ठाऊक नाही. "जाऊ देत," त्या म्हणाल्या. मग पेन घेऊन त्यांनी सही करायला सुरुवात केली. 'कु' काढला आणि थांबल्या. शाळेनंतर ती सही त्यांनी केलीच नव्हती. कशी करायचे मी, असं स्वतःशीच पुटपुटल्या. बाहेर पोरं ओरडत होती, "काकी, रोटी!"

"थांबा रे," त्या आतून ओरडल्या, "मी सही करतेय."